पांढऱ्याची प्रतवारी

आधुनिक चित्रासमोर उभं राहण्याची एक रीत आहे. ती मी फार वर्षांपूर्वी मुंबईत एका दाढीवाल्याकडे पाहून शिकलो. आधी चित्राजवळ जायचं, नाक कॅनव्हासला लागेल इतकं. मग तीन पावलं मागे. मान जराशी डावीकडे कलती, एक हात छातीवर, दुसऱ्याचं बोट ओठांवर, आणि शेवटी नाकातून एक "हं". या "हं"वर सगळा खेळ असतो. तो कौतुकाचा वाटता कामा नये, नापसंतीचाही नको, आणि प्रश्नार्थक तर मुळीच नको. अमरावतीत मी हा "हं" वीस वर्षं विनातक्रार चालवला. कॉलेजात मराठी शिकवत असल्यामुळे शहरात कोणाचंही चित्रप्रदर्शन लागलं की मला आमंत्रण येतं. कविता शिकवणाऱ्याला चित्रं कळतात असा एक समज आहे. मला कविताही पुरत्या कळत नाहीत हे फक्त माझ्या विद्यार्थ्यांना माहीत आहे, आणि त्यांनी ते बाहेर फोडलेलं नाही.

आमच्याकडच्या उद्घाटनाचाही एक साचा ठरलेला. पत्रिकेत पाच वाजता म्हटलं म्हणजे पाहुणे सातला येतात. दीप, हार, शाल, श्रीफळ. मग पाहुण्यांचं भाषण, ज्यात लहानपणी त्यांनाही चित्रकलेची आवड होती पण पुढे समाजकार्याच्या धकाधकीत कुंचला सुटला, हे येतंच. मग फोटो. फोटोसाठी सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहतात, त्यामुळे त्या संध्याकाळी चित्रांकडे तोंड करून उभा असलेला एकच माणूस असतो, लाइटवाला. मग बाहेर गिला वडा. आणि दाराशी अभिप्रायाची वही. तिच्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत "अप्रतिम" आणि "पुढील वाटचालीस शुभेच्छा". मीही तेच लिहितो, फक्त सही जरा अमूर्त करतो.

पण "हे आहे तरी काय?" हा प्रश्न वीस वर्षांत एकदाही माझ्या तोंडून बाहेर पडला नाही. आमची पिढी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांवर वाढलेली. अकोल्याच्या शाळेत ड्रॉइंगच्या सरांनी टेबलावर पितळी तांब्या, दोन कांदे आणि मागे चुण्या पडलेलं धोतर मांडलं, की त्यात "हे काय आहे" असा प्रश्नच उद्भवत नसे. तांब्या म्हणजे तांब्या. स्मरणचित्राला "पोळ्याचा देखावा" आला, तेव्हा माझा बैल पलंगासारखा दिसला आणि मला क श्रेणी मिळाली. ती योग्यच होती. तेव्हापासून माझ्या मनात एक भीती बसली की चित्राच्या बाबतीत आपल्याला काही बोलायचा अधिकार नाही. पुढे प्रभाकर बरव्यांचं १९९० साली आलेलं 'कोरा कॅनव्हास' विकत आणलं, ते दर्शनी कपाटात ठेवलं, आणि भीतीवर पुट्ठ्याचं कव्हर चढलं.

हा सगळा कारभार सुरळीत चालू असता मागच्या फेब्रुवारीत मी साडभाऊंना घेऊन मुंबईला गेलो.

साडभाऊ अकोल्याचे. कापसाची एकाधिकार खरेदी योजना १९७२ ला सुरू झाली, त्यानंतर काही वर्षांनी ते ग्रेडर म्हणून लागले आणि जन्मभर दुसऱ्याचा कापूस पाहत राहिले. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ग्रेडर म्हणजे काय हे सांगायला नको. बंड्यांची रांग मार्केटाबाहेर रस्त्यापर्यंत, शेतकरी दोन-दोन रात्री जुवाखाली झोपलेला, आणि हा माणूस येऊन बंडीत खांद्यापर्यंत हात घालणार. वर पांढराफेक आणि खाली कवडी, हा प्रकार नजरेला नाही पण हाताला कळतो. मग चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, पुन्हा जुळवायची, पुन्हा ओढायची, असं करत धागे सरळ झाले की कोटाच्या काळ्या बाहीवर ठेवून लांबी पाहायची. एवढ्या वेळात शेतकऱ्याच्या घरात मुलीचं लग्न यंदा होणार की पुढच्या साली, हे ठरलेलं असे. साडभाऊंच्या अंगठ्यांना अजून ती सवय आहे. बोलता बोलता ते समोरच्याच्या स्वेटरचा दोरा ओढून पाहतात. हल्लीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा पट्टी काढल्यावर पहिलं वाक्य, "बाप्पा, ह्या भितीले तर निळ दिली हाय!" ती भिंत आम्ही सगळे आठ दिवस पांढरीच समजत होतो.

अमरावतीहून मुंबईला २०२५ मध्ये विमान सुरू झालं असलं तरी आमचा विश्वास रेल्वेवर. मी आणि बायको अमरावतीला गाडीत बसलो, साडभाऊ आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची बहीण, अकोल्याला चढले. ताईंच्या डब्यात पानगे होते. सकाळी मुंबई. साडभाऊंची लेक ठाण्याला, पण तिला सुट्टी संध्याकाळनंतर, म्हणून दिवसभर काय करायचं तर मी म्हटलं, चला, काळा घोडा.

तिथे पोचल्यावर साडभाऊंनी पहिलाच प्रश्न घोड्यावर विचारला. घोडा काळा होता हे खरं, पण त्यावर कोणी बसलेलं नव्हतं. मी माहिती दिली. मूळ पुतळा राजा सातव्या एडवर्डचा होता, १९६५ मध्ये तो इथून हलवला. मग पन्नासेक वर्षं नुसतं नाव राहिलं, घोडाच नव्हता. २०१७ मध्ये हा नवा घोडा बसवला, स्वार न घेता.

"मंग राजा कुठी गेला?"

"भायखळ्याला. राणीच्या बागेत."

"बराबर केलं," साडभाऊ म्हणाले. बायको आणि ताई एकाच वेळी हसल्या. मी मात्र मनात म्हटलं, पन्नास वर्षं एका नसलेल्या घोड्याच्या नावानं अख्खी मुंबई पत्ता सांगत होती, यापेक्षा मोठं आधुनिक शिल्प कोणतं?

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासूनची. इथे आपली चित्रं लागावीत म्हणून चित्रकार वर्षानुवर्षं वाट पाहतात, आणि शेवटी तो आठवडा येतो तेव्हा ते आपल्याच चित्रांच्या मधोमध खुर्ची टाकून बसतात, लेकीच्या स्थळाकडचे पाहुणे यायचे असावेत तसे. साडभाऊ सरळ एका चित्राकडे गेले. निळ्यावर तांबडं, त्यात एक काळी तिरपी रेघ. मी तीन पावलं मागे सरकून मान कलती करणार, एवढ्यात ते चित्रकारालाच म्हणाले, "भाऊ, हे काय हाय?"

माझा "हं" घशात अडकला. वीस वर्षांत जे केलं नाही ते या माणसाने दीड मिनिटात केलं होतं.

चित्रकार शांतपणे म्हणाला, "तुम्हाला काय दिसतं?"

"मी पैले इचारलं."

चित्रकार हसला. मग तो बोलायला लागला तो थांबेना. रेघ आधी नव्हती, पाच महिने चित्र तसंच पडून होतं, ती एका रात्रीत आली, आणि आल्यावर त्याला दोन दिवस झोप नव्हती. साडभाऊ मान डोलावत होते. "मंजे गाय अडली होती म्हना," ते म्हणाले, आणि मला तिथेच खात्री झाली की आता आम्हाला बाहेर काढतील. चित्रकाराने त्यांना चहा पाजला. मला नाही.

पण खरी गोष्ट घडली ती पलीकडे, वस्तुसंग्रहालयात. तिथे जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे. त्या दिवशी एका भिंतीवर वासुदेव गायतोंडे होते. आता गायतोंड्यांचं चित्र म्हणजे माझ्यासारख्याची कसोटीच. त्यात घोडा नाही, रेघ नाही, धड आकारही नाही. पिवळट, राखट, पांढरट असं काही पाण्याखाली हललेलं, वर मध्येच काही खुणा, त्याही कोणत्या लिपीतल्या ते कळू नये. ते स्वतः या चित्रांना अमूर्तही म्हणू देत नसत, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. मी घाबरून आधीच "हं" करून टाकला आणि पुढच्या चित्राकडे सरकलो. मागे पाहतो तर साडभाऊ तिथेच.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. ताई बाकावर बसून पाय चोळायला लागल्या. साडभाऊंचे दोन्ही अंगठे हळूहळू हलत होते, जसा हवेतच धागा ओढून पाहत असावेत. मी परत जवळ गेलो.

"साडभाऊ, याच्यात सात पांढरे हायेत," ते मला म्हणाले.

"सात?"

"हा पाहा, वरचा. हा पयल्या वेच्याचा. दव वाळल्यावर वेचला तो. हा खालचा सकाळी घाईनं वेचला, ओला हाय थोडा. इथं पान्याचा डाग. हा पिवया झाला तो जुना, कोठीत पडला वर्षभर. हा..." त्यांचं बोट काचेच्या इतकं जवळ गेलं की पहारेकरी उठला. "...हा कवडीकडं झुकला, पन कवडी नाई. इथंच ग्रेडर फसते. मीबी फसलो असतो."

मी चित्राकडे पाहिलं. आणि शपथेवर सांगतो, पहिल्यांदा मला तिथे काही दिसलं. सात नाही, चार दिसले. पण चार दिसले.

मग मला माहीत होतं ते मी सांगितलं. हा चित्रकार रोलरने आणि सुरीने रंग लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा, थरांवर थर. वर्षाला मोजकीच चित्रं. दिल्लीत निजामुद्दीनला एका खोलीत एकटा राहायचा. आणि जन्म १९२४ चा, नागपूरचा.

"नागपूरचा?" साडभाऊंचा चेहरा खुलला. "काऊन सांगितलं नाई मंग पैले?" घराणं गोव्याचं होतं हे मी सांगणार होतो, पण त्या आनंदावर पाणी टाकवेना. विदर्भाचा अनुशेष कुठे तरी भरून निघत होता.

किंमत सांगण्याची चूकही मीच केली. २०२५ च्या सप्टेंबरात गायतोंड्यांचं एक चित्र लिलावात ६७ कोटी ८ लाखांना गेलं, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये हुसेनांचं 'ग्रामयात्रा' न्यूयॉर्कला ११८ कोटींच्या आसपास. ताईंनी "अवं माय" म्हणून पदर तोंडाला लावला. साडभाऊ गप्प. ओठ हलत होते. माझी अपेक्षा होती की आता "पैसा लय झाला लोकांले" वगैरे होईल. ते मोबाइल काढून म्हणाले, "लांब धाग्याचा हमीभाव आठ हजार एकशे दहा. मंजे ब्याऐंशी हजार सातशे क्विंटल. बंडीत दहा धरले तर आठ हजारावर बंड्या. अकोल्याच्या मार्केटातून लाइन लावली तर मूर्तिजापूर पार करते."

"महाग आहे," मी म्हणालो.

"महाग?" ते म्हणाले, "माल चोख हाय. चोख मालाले भाव भेटला याचं मले वाईट नाई वाटत. ब्याऐंशी हजार क्विंटलवाल्याले काऊन भेटत नाई, ते मी इचार करून रायलो."

यावर माझ्याजवळ कोणताच "हं" नव्हता. विषय बदलायला मी दालनाच्या मालकाची गोष्ट काढली. हे निकल्सन मुंबईतले पारशी गृहस्थ, धंद्याने कापसाचे व्यापारी, आणि साठच्या दशकात चित्रं घ्यायला लागले ते शेकड्यांनी घेत गेले. साडभाऊंनी एकदम माझ्या खांद्यावर थाप मारली. "कापसातला माणूस! मंग बराबर हाय. त्याले सात दिसले असतीन." आणि दालनातून निघताना त्यांनी गायतोंड्यांना नाही, निकल्सनना नमस्कार केला. धंदेबंधू.

परतीच्या गाडीत मी उरलेला अभ्यासक्रम घेतला, मोबाइलवर. शेजारच्या बर्थवरचा कळंब्याचा एक तरुण पोरगाही वाकून पाहत होता. सुबोध गुप्तांची स्टीलच्या भांड्यांची भलीमोठी कवटी दाखवली. ताईंनी ती बोटांनी मोठी करून पाहिली. "यातला गंज अन् परात आपल्या शोभाच्या लग्नात दिला तसाच हाय." मग भारती खेर यांची हत्तीण, अंगभर टिकल्या लावलेली. या दोघांचं नवरा-बायकोचं नातं सांगितलं, तर बायको म्हणाली, "म्हणजे त्यानं सयपाकघर नेलं न् तिनं आरशाचं कपाट. घरात राहिलं काय?" मग शीला गौडा. या बाईंनी नव्वदच्या दशकात शेण घेऊन कलाकृती केल्या. इथे मात्र दोघी बहिणी गप्प झाल्या. जरा वेळाने ताई म्हणाल्या, "मी आंगन सारवाची तं बोटाईच्या रेघा येत. आमची सासू म्हणे, तुह्या रेघा वाकड्या. मी मुद्दाम वाकड्या काढाची." एवढ्या वर्षांत हे साडभाऊंनाही माहीत नव्हतं. पोळ्याला बैलाच्या अंगावर गेरूचे ठप्पे मारताना "हे काय हाय" असं कोणी विचारत नाही, हेही मला तेव्हाच सुचलं, पण बोललो नाही, कारण ताईंचं चालू होतं.

शेवटी केळं. हे मी राखून ठेवलं होतं. मॉरिझियो कॅतेलान नावाच्या इटालियन कलावंताने २०१९ मध्ये मायामीला एक केळं भिंतीला चिकटपट्टीने लावलं. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते बासष्ट लाख डॉलरला गेलं. घेणाऱ्याने ते सगळ्यांसमोर सोलून खाल्लं. अकोट-अंजनगावकडे केळीच्या घडाला व्यापारी काय भाव देतो हे बर्थवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे डबाभर सन्नाटा.

"केयं तं सडते," साडभाऊ म्हणाले. "किती दिवस टिकते ते?"

"दर काही दिवसांनी नवीन लावतात. खरं तर विकत मिळतो तो एक कागद. केळं कसं लावायचं, किती उंचीवर, हे त्यात लिहिलेलं, आणि मालक तुम्ही हे प्रमाणपत्र."

"मंग असं सांगा न! केयं नाई इकलं. सातबारा इकला."

कॅतेलानवर जगभर शेकड्यांनी लेख आले असतील. मी काही वाचले आहेत. अकोला यायच्या आत तो विषय संपला होता.

अमरावतीला परतून महिना झाला असेल. एका तरुण कलावंताचं प्रदर्शन लागलं. मांडणशिल्प. साडभाऊ योगायोगाने आमच्याकडे होते. मी न्यायला नको म्हणत होतो, ते आधीच चपला घालून उभे. हॉलच्या मध्यभागी पऱ्हाट्यांचा ताटवा, वर छतातून लोंबणारे कापसाचे पुंजके, खाली फवारणीच्या रिकाम्या बाटल्या. नाव 'पांढरं सोनं'. बाजूला इंग्रजी-मराठी निवेदन, त्यात "अवकाश आणि अभाव यांच्यातील संवाद" असं काहीसं. कलावंत दाराशी उभा, लांब कुडता, डोळे जागरणाने लाल. माणूस प्रामाणिक होता हे त्या डोळ्यांवरून कळत होतं. लोक येऊन गंभीर होत होते, सेल्फी घेत होते आणि "अप्रतिम" लिहून वड्याकडे जात होते.

साडभाऊ आत शिरले आणि माझ्या लक्षात यायच्या आत त्यांनी एक पुंजका खाली ओढला. अंगठ्यात धरला. ओढला. जुळवला. पुन्हा ओढला. बाहीवर ठेवला.

"हा कापूस कुठला?"

"का काका?"

"याच्यात सरकी नाई, पत्ती नाई, धागा तुटून रायला. हा वावरातला नोहे. हा दवाखान्यातला हाय."

कलावंताने इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मेडिकलमधून आणला काका. चाळीस बंडल. मार्केटचा पाहिला होता, पण तो... मळका वाटत होता."

मला वाटलं, आता पोराचा पाणउतारा होणार. साडभाऊंनी पुंजका परत जागेवर लावला, नीट, पूर्वीसारखाच. एवढंच म्हणाले, "मळका असते. तोच तं रंग हाय." आणि तिसऱ्या दिवशी अकोल्याहून एसटीने एक चुंगडं आलं. भाच्याच्या वावरातला कापूस, शितादहीची पूजा केल्यावर वेचलेला, सरकीसकट, पत्तीसकट, कुठे कुठे किडीचा डाग. कलावंत आणि मी रात्री अकरापर्यंत शिडीवर चढून मेडिकलचा कापूस उतरवत होतो आणि वावरातला लावत होतो. मीही. माझ्या कुडत्याला अजून तुसं आहेत. दिवे लावले तेव्हा छताखाली जे लोंबत होतं ते पांढरं नव्हतंच, आणि ते पाहून मी काही बोललो नाही. म्हणजे "हं"सुद्धा नाही.

शेवटच्या दिवशी साडभाऊ पुन्हा आले. फेरी मारली, दोन ठिकाणी हात घातला, अभिप्रायाची वही मागितली. "अप्रतिम"च्या रांगेखाली त्यांनी तारीख टाकली आणि मार्केटच्या पावतीवर लिहीत त्या अक्षरात इंग्रजीत तीन अक्षरं लिहिली: एफ ए क्यू. खाली, "ओलावा ८ टक्क्यांच्या आत." आणि सही. कापसाच्या धंद्यात याचा अर्थ सरळ आहे: रास्त सरासरी प्रत, माल घेण्यालायक. याहून जास्त ते कोणालाच देत नाहीत. त्यांच्या लग्नात सासऱ्यांनाही नाही.

पोराचा कापसाशी संबंध बेताचाच, जन्म मोबाइलमधला. पुढचं प्रदर्शन नागपूरला लागलं, त्याचं निवेदन त्याने मोठ्या कौतुकाने मला पाठवलं. मी ते साडभाऊंना वाचून दाखवलं: "अमरावतीत एका ज्येष्ठ रसिकाने या कृतीवर केवळ तीन अक्षरे लिहिली. एफ ए क्यू. वारंवार विचारले जाणारे प्रश्न. शेतकऱ्याची वेदना ही उत्तर नसून पुन्हा पुन्हा विचारला जाणारा प्रश्न आहे, हे इतक्या नेमकेपणाने आजवर कोणी सांगितले नव्हते."

साडभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे मी कव्हा म्हणलं?"

मी तीन पावलं मागे सरकलो, मान थोडी डावीकडे केली आणि म्हणालो, "हं."